बाहेरची वायर काढल्यावर

१२ जुलै, देवास
आज स्विचमधून बाहेर जाणारी वायर काढून टाकली. "सर, नेट गया!" असा गलका झाला. म्हटलं, आता शेजारच्या मशीनला पिंग करा. १९२.१६८.१.१२ कडून एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर आलं. इंटरनेट गेलं, नेटवर्क जागच्या जागी होतं. हा फरक मुलांनी डोळ्यांनी पाहिला, याचं फार बरं वाटलं.

१३ जुलै
आज आयपी पत्ते. आमच्या लॅबमध्ये पहिले तीन आकडे नेटवर्कचे, शेवटचा मशीनचा. मुलांना देवासचीच थोरली पाती आणि धाकटी पाती सांगितली: गाव एक, संस्थानं दोन. आधी पाती बघायची, घर नंतर. राऊटरही आधी नेटवर्क बघतो. पॅकेट आपल्याकडचं नसेल तर पुढच्या राऊटरकडे सोपवतो. अख्खा रस्ता कुणा एकाला ठाऊक नसतो, तरी पॅकेट पोचतं. मला याचं अजूनही नवल वाटतं.

१७ जुलै, धार
आत्याकडे आलोय. धारला आलं की ज्ञानदूत हे सरकारी जाळं आठवतंच. जानेवारी २००० मध्ये या जिल्ह्यात ते सुरू झालं. सर्व्हर धारला, जिल्हा पंचायतीत. गावातल्या सूचनालयात, म्हणजे माहिती केंद्रात, बसलेला चालक, सूचक, टेलिफोनच्या लाईनवरून मॉडेमने डायल करायचा. मंडीचे भाव, खसऱ्याची नक्कल, दाखल्यांचे अर्ज, तक्रारी, सगळं हिंदीतून. ते इंट्रानेट होतं, जिल्ह्यापुरतं जाळं. माल कुठल्या मंडीत न्यायचा हे ठरवायला शेतकऱ्याला जगभराची जोडणी लागत नव्हती. आसपासचे भाव घरून निघण्याआधी कळले की पुरे. त्याच वर्षी ज्ञानदूतला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. माझ्या मते आपल्याकडचा नेटवर्किंगचा पहिला धडा इथूनच सुरू व्हावा.

१८ जुलै
ज्ञानदूतचं दुखणं गावापर्यंतच्या जोडणीच्या शेवटच्या टप्प्यात होतं. मॉडेम आकड्यांचे आवाज करून पाठवतो. लाईन खरखरली की जोडणी तुटते, आणि वीज गेली की सगळंच बंद. पुढे आयआयटी मद्रासचं कॉरडेक्ट आलं: घरावर अँटेना, तारेशिवाय ३५ किंवा ७० केबीपीएस. आता सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर पंचायतीपर्यंत न्यायचं काम आहे. पंचायतीपासून शेवटच्या घरापर्यंत काय, हा प्रश्न मात्र तसाच उरतो.

२० जुलै, देवास
एका मशीनवर सोयाबीनच्या भावाचं साधं पान ठेवलं, बाहेरची वायर काढली. मागच्या बाकावरच्या मुलीने ते आपल्या मशीनवर उघडलं. उद्या दोन लॅब राऊटरने जोडायच्या आहेत. क्रिंपर आहे, आरजे-४५ कनेक्टर आणायला हवेत.