येनी मजुरी कितली भेटस?

पस्तिशीत क्रॉस स्टिच शिकायला घेतले, तेव्हा चळवळीतल्या एका सहकाऱ्याने टोमणा मारला, "ताई, बायांना चूल आणि सुईतून बाहेर काढायचे सोडून तुम्हीच सुई धरता?" त्याला उत्तर द्यायलाच हवे.

मी धुळ्याची. सातवीत कार्यानुभवाच्या तासाला मॅटीचे कापड आणि रंगीत लड्या आणायला सांगितल्या होत्या. घरी तेवढे पैसे नव्हते. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे गोधड्या शिवतात ना? तुला भरतकाम कशाला?" वर्ग हसला. माझी आई खरोखरच मजुरीने लोकांच्या गोधड्या शिवत होती. म्हणजे थंडीसाठी शिवायचे ते आम्ही, शोभेसाठी भरायचे ते त्यांनी! जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'त मांडले. त्या दिवशी वर्गात एका सुईचीही वाटणी झाली होती.

आता जळगावला नोकरी करते. रविवारी खिडकीशी बसते. सहा पदरी धाग्यातून दोन पदर वेगळे काढायचे. कापडाची चौघडी करून मध्य शोधायचा आणि तिथून मोजायला लागायचे. आधी ओळभर अर्ध्या फुल्या एकाच दिशेने, मग परत येताना त्यांवर दुसरा अर्धा टाका. वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकला पाहिजे, नाहीतर काम विस्कटलेले दिसते. मी 'भीम' हा शब्द निवडला. शिरोरेषा सोपी गेली, पण 'भ'ची गोलाई चौकटीत बसेना, तिची पायरी झाली. एक घर मोजायला चुकले ते आठ ओळींनंतर कळले. सगळे उसवले. पण चुकले म्हणून कोणी हसले नाही.

1945 साली गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू का घेतली? यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, म्हणून. आपण त्यांचे शिक्षण घेतले, संघर्ष घेतला. फुरसत मात्र विसरलो.

यात मीही दोषी आहे. समाजशास्त्रात एम.ए. केले, वस्त्यांमध्ये शिवणक्लास चालवले. प्रत्येक अर्जात 'अपेक्षित उत्पन्न' हा रकाना भरून घेतला. एकाही बाईला विचारले नाही, "तुम्हाला स्वतःसाठी काय करावेसे वाटते?" पोट भरणे पहिले, याबद्दल वाद नाही. पण आपली बाई जे काही शिकेल ते कमाईसाठीच, हे कोणी ठरवले?

युरोपात मुलींना शिस्त लावण्यासाठी कापडावर मुळाक्षरे भरायला लावत, हा इतिहास मला ठाऊक आहे. सक्तीची सुई बेडीच असते. माझ्या हातात सक्तीची सुई नाही. आणि सुई 'बायकी' म्हणणाऱ्यांनी आठवावे, भिक्खूच्या आठ परिष्कारांत सुईही आहे.

मागच्या महिन्यात धुळ्याला गेले. आईने कापड हातात घेतले आणि आधी उलटे करून पाहिले. गोधडी शिवणारीची नजर ती! मी दोरा टाक्यांखाली न दडपता गाठी मारल्या होत्या, त्या तिने बोटाने दाखवल्या. मग विचारले, "येनी मजुरी कितली भेटस, माय?"

"काहीच नाही."

"मंग कसाले?"

"माझ्यासाठी."

ती गप्प झाली. इतक्या वर्षांत शिवलेल्या गोधड्यांपैकी तिने स्वतःच्या आवडीचा रंग निवडून शिवलेली एकही मला आठवेना.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक ठराव मांडणार आहे: आठवड्यातली एक संध्याकाळ अशी, जिच्या वहीत उत्पन्नाचा रकाना नसेल. सहकाऱ्यांनी विरोध करावा, पण आधी स्वतःच्या घरातल्या बाईची फुरसत मोजून यावे.

जय भीम!