मोडलेला आंकडा

शाळेच्या वार्षिक अंकासाठीं आमच्या व्यवसायाविषयीं कांहीं लिहावें, अशी संपादकांची आज्ञा झाली. आमचा व्यवसाय सांगितला कीं लोक प्रथम हंसतात. इतर अभियंते बांधतात. आम्ही मोडलेलें पाहतों. पूल पडला, बॉयलर फुटला, इमारतीचा सज्जा खालीं आला, कीं तो कां पडला याचा शोध करून न्यायालयास, सरकारास किंवा मालकास सांगणें हें आमचें काम. इंग्रजींत यास फॉरेन्सिक इंजिनिअरिंग म्हणतात. या कामाकडे आम्ही कसे वळलों, हें सांगावयाचें तर घरच्या झोपाळ्यापासूनच आरंभ केला पाहिजे. आणि ती हकीकत आमच्या कीर्तीस फारशी शोभणारी नाहीं.

आमच्या कोंकणांतील घरीं ओसरीवर सागवानी फळीचा झोपाळा होता. तुळयांत बसविलेल्या चार लोखंडी आंकड्यांस त्याच्या कड्या अडकविलेल्या असत. हे आंकडे गांवच्या एका वृद्ध लोहारानें घडविले होते. एके वर्षीं दिवाळीपूर्वीं रंगसफेती निघाली, तेव्हां झोपाळा उतरवून आंकडेही काढून अंगणांत ठेविले. आमचें वय तेव्हां आठ-नऊ वर्षांचें. वडिलांच्या पेटींतील तिकोनी कानस हातीं लागली, आणि एका आंकड्याच्या वळणांत, आंतल्या अंगास, आम्हीं एक बारीक खांच पाडली. लोखंड कापतां येतें याचा आनंद, यापलीकडे त्यांत हेतु नव्हता.

सात वर्षांनीं एका संध्याकाळीं धाकटी बहीण झोपाळ्यावर बसली असतां एक आंकडा तुटला. तिचें मनगट मोडलें. हाड वांकडें सांधलें गेलें, आणि आजही त्या हातानें तिला भरलेली कळशी उचलवत नाहीं. वडील तडक लोहाराकडे गेले व हलकें लोखंड वापरलें म्हणून चारचौघांत त्यास बोलले. तो एवढेंच म्हणाला, "अण्णा, लोखंड चांगलं होतं." पुढें आमच्या आळींतून त्याच्याकडे काम जाईनासें झालें. खांचेची आम्हांस त्या वेळीं आठवणच झाली नाहीं, असें आम्ही पुष्कळ वर्षें स्वतःस सांगत आलों. खरें म्हणजे झाली होती. पण एवढ्याशा खांचेनें अंगठ्याएवढें लोखंड कसें तुटेल, अशी मनाची समजूत घातली.

तुकडे कांहीं दिवस ओसरीवर पडून होते. आम्हीं ते पुनःपुन्हां एकमेकांस जुळवून पाहिले. आजीनें राखेनें घासले. या व्यवसायांत जें करूं नये तें सर्व आम्हीं केलें. तुटलेलीं तोंडें एकमेकांस लावूं नयेत, धुवूं-पुसूं नयेत. जागचें कांहीं हलविण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावें, मापें घ्यावीं, आणि तुकडा कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेला याची नोंद ठेवावी.

पुढें महाविद्यालयांत धातुशास्त्राच्या तासाला प्राध्यापकांनीं एक तुटलेला आंस आमच्या हातीं दिला. त्याच्या तोंडाचा मोठा भाग काळसर व गुळगुळीत होता. ओहोटीनंतर पुळणीवर राहतात तशा एकामागें एक वळणदार रेषा त्यावर उमटल्या होत्या. उरलेला लहान भाग खडबडीत व चकचकीत. काळा भाग अनेक वर्षें तुटत होता, ते म्हणाले, आणि चकचकीत भाग एका क्षणांत तुटला. जें ओझें लोखंड एकदां सहज पेलतें, त्याच ओझ्याच्या लक्षावधि हेलकाव्यांनीं तें तुटूं शकतें; यास धातूचा थकवा म्हणतात. चीर बहुधा एखाद्या खांचेपासून सुरू होते, कारण तेथें ताण एकवटतो. ऐकतांना आमच्या डोळ्यांपुढें तो आंस नव्हता. आमच्या आंकड्याचें तोंड असेंच होतें: काळी चंद्रकोर, कडेला चकाकणारी बारीक पट्टी, आणि चंद्रकोरीचा उगम वळणाच्या आंतल्या अंगास.

याच थकव्याचा विमानविद्येंतील प्रसिद्ध दाखला कॉमेटचा. जेट इंजिनाचें हें पहिलें प्रवासी विमान १९५२ सालीं ब्रिटनमधून नियमित वाहतुकीस लागलें. १० जानेवारी १९५४ रोजीं एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटानजीक समुद्रांत पडून ३५ माणसें गेलीं. ८ एप्रिल रोजीं दुसरें नेपल्सजवळ पडलें, २१ गेलीं. नाना तर्क झाले. फार्नबरो येथील संशोधनसंस्थेनें समुद्रतळांतून काढलेले तुकडे सांगाड्यावर जागच्या जागीं लावले, आणि दुसरें एक वापरलेलें कॉमेट प्रचंड टांकींत पाण्यांत ठेविलें. उंचीवर विमानाच्या आंत हवेचा दाब राखावा लागतो, म्हणून प्रत्येक उड्डाणागणिक त्याचें अंग एकदां फुगतें व एकदां बसतें. टांकींत हाच दाब पाण्यानें चढवीत-उतरवीत राहिले. पाणीच कां? दाबलेल्या हवेनें स्फोट होऊन पुरावाच उधळला असता; पाण्यांत चीर जेथें पडते तेथेंच राहते. खरीं व कृत्रिम मिळून सुमारें ३,००० उड्डाणें होतांच अंग फाटलें, तें एका झरोक्याच्या कोपऱ्यापाशीं. एल्बाच्या तुकड्यांतही उगम छतावरील झरोक्याच्या कोपऱ्याशींच सांपडला.

कधीं दोष लोखंडांत नसून कागदांत असतो. १७ जुलै १९८१ रोजीं अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें एका हॉटेलांतील टांगते पूल कोसळून ११४ माणसें मेलीं. मूळ आराखड्यांत छतापासून आलेल्या त्याच गजांवर दोन पूल एकाखालीं एक, स्वतंत्रपणें टेकत होते. बांधतांना खालचा पूल वरच्या पुलासच टांगला. दोरीच्या मल्लखांबावर दोन मुलें आपापल्या हातांनीं दोरी धरतात. खालच्यानें दोरी सोडून वरच्याचे पाय धरले तर काय होईल, तें मुलांनीं स्वतःच ठरवावें. दोरीवरचें ओझें तेंच, वरच्याच्या मुठींवर मात्र दुप्पट. (मूळ आराखडाही पुरेसा भक्कम नव्हता, असें चौकशींत निघालें.)

या व्यवसायाची थेट वाट नाहीं. आधीं स्थापत्य, यंत्र, विद्युत किंवा धातुशास्त्र यांपैकीं एका शाखेची पदवी. मग कांहीं वर्षें प्रत्यक्ष बांधण्याचें काम. ज्यानें पूल कधीं उभारला नाहीं, त्यास पडलेला पूल काय सांगणार? पालकांनीं मुलांच्या गणिताइतकेंच त्यांच्या भाषेकडे लक्ष द्यावें, कारण उलटतपासणींत आमच्या प्रत्येक शब्दाची किंमत होते. आणि ज्यानें मेहनताना दिला त्यालाच न आवडणारा अहवाल लिहिण्याची तयारी हवी; ती कोठल्याही परीक्षेंत तपासली जात नाहीं.

पदवी मिळाल्यावर आम्ही गांवीं गेलों, तों लोहार वारला होता. त्याच जागीं त्याचा मुलगा वेल्डिंग करीत होता. आम्हीं त्यास सर्व सांगितलें. सांगावयास पुष्कळ वेळ लागला. त्यानें डोळ्यांवरची काच वर केली आणि विचारलें, "तो तुकडा आहे काय तुमच्यापाशी?" तुकडा भंगाराबरोबर केव्हांच गेला होता. "मग आता कुणाला दाखवणार?" तो म्हणाला.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं वडिलांस ओसरीवर बोलाविलें. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें, बोलले कांहींच नाहींत. सकाळीं मात्र पायांत वहाणा घालून ते लोहाराच्या घराकडे निघाले, आणि दारांतून वळून आम्हांस म्हणाले, "तूंही चल."