रूप कातडीपुरतंच



नातीची परीक्षा जवळ आलीय, म्हणून परवा तिचे इंग्रजी वाक्प्रचार घ्यायला बसले. सगळे 'स्किन'चे. 'सेव्ह युअर स्किन' म्हणजे आपलं कातडी बचावणं. 'थिक स्किन्ड' म्हणजे टोमणे न लागणारा. आपण त्याला गेंड्याच्या कातडीचा म्हणतो. 'बाय द स्किन ऑफ युअर टीथ' म्हणजे अगदी थोडक्यात वाचणं. हा बायबलमधल्या जोबच्या कथेतून आला. एक तर मांजर सोलण्याचा! अर्थ साधा, एकच काम अनेक रीतींनी करता येतं.

मी म्हटलं, "हा नको गं बोलूस. माझ्या माहेरी भाजीसुद्धा 'काप' म्हणत नसत, 'सुधार' म्हणत."

ती हळूच म्हणाली, "मग आजी, मला रोज 'काळी पडलीस' का म्हणतेस?"

मी गप्पच झाले. पोहण्याचा क्लास तिनं अभ्यासासाठी सोडला असं मला वाटत होतं.

शेवटचा वाक्प्रचार होता, 'ब्यूटी इज ओन्ली स्किन डीप'. रूप कातडीपुरतंच. बारा भावनांतली सहावी, अशुचि भावना, हेच तर शिकवते. चाळीस वर्षं म्हणतेय मी ती. बी.कॉम. झालेल्या बाईच्या वहीत पाठांतर सगळं जमेला, आचरण मात्र शून्य!

क्षमावणीची वाट पाहिली नाही. तिथंच हात जोडले, "उत्तम क्षमा, बाळा."

सोमवारी तिची पोहण्याची पिशवी मीच भरून दिली.