कपातला चहा कुठल्या मातीचा?

मैत्रिणींनो, चैत्रात नाहीतर नवरात्रात सप्तशृंगीच्या दर्शनाला आपलं जाणं होतंच. या खेपेला गड उतरलात की नांदुरीहून लगेच नाशिकची एसटी धरू नका. पुढे कळवणला चला. गड याच तालुक्यातला. गिरणामाई इथल्याच डोंगरांत जन्मते, चणकापूरच्या धरणात विसावते आणि पुढे खानदेशाची तहान भागवते. शेतात कांदा, परसात गवती चहा!

पण पात गावची, पावडर कुठली? खरा चहा कळवणला पिकत नाही. तो येतो आसाम, दार्जिलिंग, निलगिरीहून. पुड्यावर छापलेलं नाव खरं कशावरून?

त्याची साक्ष पानच देतं, बरं का! चहाचं झुडूप आम्लधर्मी जमिनीतून मँगनीज आणि ॲल्युमिनियम भरपूर ओढून घेतं. रुबिडियम, स्ट्रॉन्शियमही कणाकणानं पानात उतरतात. जशी जमीन, तसं त्यांचं प्रमाण. पाऊसही चुगली करतो. ढग डोंगर चढताना जड ऑक्सिजनचं पाणी आधी सांडतो, म्हणून उंचावरचं पाणी किंचित हलकं असतं. प्रयोगशाळेत ही मापं काढतात आणि माहितीच्या मळ्यांतल्या नमुन्यांशी ताडून पाहतात. मात्र दहा ठिकाणची पानं एकत्र मिसळली, की हा माग काढणं कठीण होतं.

एवढा खटाटोप कशाला, म्हणाल. दार्जिलिंग चहाला २००४ साली देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा चहा त्या नावानं खपवला जातोच. त्यात नुकसान उतारावर उभं राहून पानं खुडणाऱ्या बायकांचंही. जपानमध्ये तर कांद्याचं गावही अशाच खनिजांवरून ओळखून दाखवलंय! कळवणच्या शेतात वाकून कांदा काढणाऱ्या बाईला मातीच्या नावाची किंमत वेगळी सांगायला नको.

आपल्या हाती काय? दार्जिलिंग म्हणून जादा पैसे मोजाल, तेव्हा पुड्यावर दोन पानं नि एक कळी धरलेल्या स्त्रीचं चिन्ह बघून घ्या. रोजच्या पावडरीसाठी घरचा उपाय: टिपकागदावर चिमूटभर पावडर पसरा, पाणी शिंपडा, मग कागद नळाखाली धुवा. रंगाचे डाग उमटले, तर वरून रंग चढवलाय समजा. लोहचुंबक फिरवा, लोखंडाचा कीस असला तर चिकटेल. यातून चहाचं गाव नाही कळणार, पण लबाडी नक्की कळेल!