एका रात्रीचे कागद

संग्राहकांतही वर्णव्यवस्था आहे. जुनी नाणी जमविणारा स्वतःस इतिहाससंशोधक समजतो. पोष्टाची तिकिटे जमविणारा सुसंस्कृत गणला जातो. आणि हस्तलिखित पोथ्या जमविणाऱ्यास तर लोक वाकून नमस्कार करतात. या उतरंडीत आमची जागा अगदी तळाशी आहे. आम्ही हस्तपत्रके जमवितो. नाटकाची, तंबूतल्या सिनेमाची, जलशाची, कुस्त्यांच्या दंगलीची. पातळ, रंगीत, एकाच बाजूस छापलेली, आणि कोऱ्या बाजूवर बहुधा कोणीतरी किराण्याचा हिशेब मांडलेला आहे अशी. आमच्या सौभाग्यवती या संग्रहास ‘तुमची रद्दी’ म्हणतात. या नावात अतिशयोक्ती आहे असे आम्हांस म्हणवत नाही. कारण निम्मा संग्रह खरोखरच रद्दीच्या दुकानातून आला आहे, आणि तोही वजनावर.

या व्यसनाचा उगम शोधू गेल्यास तो सेलूच्या रस्त्यावर सापडतो. १९७० नंतरच्या दशकात आमच्या गावी तंबूतला सिनेमा आला म्हणजे दुपारच्या वेळी एक टांगा फिरे. त्यावर दोहो बाजूंस चित्रांचे फलक, वर भोंगा, आणि मागे बसलेला एक मनुष्य मूठमूठ पत्रके उधळीत असे. गुलाबी, पिवळा, हिरवा असा तो पाऊस झेलण्यासाठी आम्ही मुले टांग्यामागे धावत असू. पत्रकात चित्रपटाची कथा निम्मीच सांगितलेली असे. नायिका खलपुरुषाच्या तावडीत सापडली की ‘पुढील हकीकत रुपेरी पडद्यावर पाहा’ असे सांगून लेखक हात झटकून मोकळा होई. आमच्या खिशात तिकिटाचे पैसे क्वचितच असत. तेव्हा त्या नायिकांची सुटका आम्हांस घरीच, अंथरुणात पडल्यापडल्या करावी लागे. पुढे इंग्रजी वाङ्मय शिकविण्यावर आमचे पोट चालले. पण कथा पुरी करण्याचे पहिले शिक्षण आम्हांस त्या गुलाबी कागदांनी दिले, हे कबूल केले पाहिजे.

हस्तपत्रक हा मोठा बढाईखोर प्राणी आहे. प्रत्येक नाटक ‘अपूर्व’, प्रत्येक गवई ‘सुप्रसिद्ध’, आणि प्रत्येक खेळ ‘लोकाग्रहास्तव शेवटचा’. या बाबतीत थोरामोठ्यांचाही अपवाद नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईस लागला. पुढे तो सुरतेस गेला तेव्हा पहिल्या दिवसाचे उत्पन्न अगदीच तुटपुंजे झाले. तेव्हा फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे असलेले दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात दिली व लोक लोटले, असे सांगतात. पाच-सहा तासांच्या नाटकास सरावलेल्या माणसास मैलांचे माप पटले असल्यास नवल नाही.

परंतु हाच बढाईखोर प्राणी एका बाबतीत विलक्षण अबोल असतो. तो वार सांगतो, तारीख सांगतो. साल मात्र सांगत नाही. परवाच्या शनिवारी होणाऱ्या खेळास सालाची गरज काय? आज रात्रीपुरतेच आपले आयुष्य आहे, हे त्यास पक्के ठाऊक असते. म्हणून संग्राहकास कालनिर्णयासाठी दुसरी साधने शोधावी लागतात. आमच्या सेलूचे पत्रक यासाठी फार सोयीचे. कारण १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या एका पत्रकावर वर उर्दू व खाली मराठी मजकूर असून फसली सन दिला आहे. त्यात ५९० मिळविले की इसवी सन जवळपास येतो. दुसऱ्या एकावर खुर्चीचा दर ‘एक रुपया हाली’ असा आहे. हाली हे निजामाचे नाणे आणि कलदार हे इंग्रजांचे. केवळ ‘हाली’ या एका शब्दावरून ती नाटकमंडळी रेल्वेने मनमाडकडून संस्थानात आली आणि येथल्या नाण्यात तिकिटे विकून गेली, हे ध्यानात येते. एरवी या मंडळींचा कोणत्या ग्रंथात उल्लेख होणार होता?

आमच्या या हीन व्यसनास दोन वर्षांपूर्वी अकस्मात परदेशी प्रतिष्ठा लाभली. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा इंग्लंडात असतो. तो सुटीवर आला तेव्हा त्याने एका पारदर्शक पाकिटात जपून आणलेला एक चकचकीत कागद आमच्यापुढे ठेवला. त्यावर भडक जांभळ्या रंगात अवकाशातील ग्रहगोल काढलेले होते. १९८९ साली तिकडे रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळ्याचे, म्हणजे ‘रेव्ह’चे ते हस्तपत्रक. असल्या पत्रकांचा आता तिकडे मोठा बाजार आहे. लोक ती चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतात, आणि त्यांच्या चित्रसंग्रहांची पुस्तके १९९० नंतरच्या दशकातच निघाली. आमच्या चिरंजीव भाच्याने त्यासाठी किती पौंड मोजले, हे ऐकून आमच्या भगिनीने कपाळावर हात मारला. रेव्ह हा शब्द तिने केवळ पोलिसांच्या धाडीच्या बातमीत वाचलेला होता. आणि त्या मेळ्यांत मादक द्रव्ये चालत, हे भाच्यासही नाकारता आले नाही.

आम्ही मात्र कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “यात ठिकाण कोठे आहे?” तो हसला. ठिकाण छापीतच नसत. केवळ दूरध्वनीचा क्रमांक असे. रात्री उशिरा तो फिरविला म्हणजे एक ध्वनिमुद्रित आवाज वाट सांगे, आणि मग मोटारींच्या रांगा लंडनभोवतालच्या हमरस्त्यावरून कोठल्या तरी ओसाड गुदामाकडे किंवा शेताकडे निघत. पोलिसांच्या आधी लोक पोहोचावेत, एवढाच हेतू. पुढे १९९४ साली पार्लमेंटाने कायदा केला, आणि त्यात एकामागून एक पुन्हापुन्हा पडणाऱ्या ठोक्यांचे संगीत अशी त्या मेळ्यांच्या संगीताची व्याख्या घातली. आमच्या इकडचा हलगीवाला त्या व्याख्येत सापडला असता की काय, अशी शंका आमच्या मनात आली. शंका अगदीच व्यर्थ नव्हती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धकांवर निर्बंध घातले. त्यांचा फटका गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावरील रात्रभराच्या नाचास बसला, तसाच आमच्याकडील रात्रभराच्या तमाशासही बसला. त्या दोघांची ओळखदेख नव्हती. पण दंडक एकच.

त्या दिवसापासून भाच्याचे आणि आमचे गोत्र जमले. रेव्हविषयी आमचे मत अनुकूल झाले असे नव्हे. परंतु जी रात्र सकाळी झाडून टाकली जाते तिचा उरलेला एकच पुरावा म्हणून कागद जपणारा मनुष्य आम्हांस सोयराच वाटतो.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगतो. गेल्या वर्षी बाजारातील एक जुना छापखाना बंद झाला. ट्रेडल यंत्र भंगारात गेले, शिशाचे खिळे किलोच्या भावाने विकले गेले. मालकाने आम्हांस बोलावून एक तार हाती दिली. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत तो व त्यापूर्वी त्याचे वडील त्या तारेत ओवून ठेवीत. लग्नपत्रिका, दुकानाची उद्घाटने, निवडणुकीची आवाहने, आणि मधूनमधून आमचे गुलाबी खाद्य. प्रत्येक कागदाच्या पोटात तारेचे भोक. घरी येऊन आम्ही एकेक कागद सोडवू लागलो, तो एका पिवळ्या पत्रकावर हात थबकला.

‘गणेशोत्सवानिमित्त. शनिवार, ता. २० सप्टेंबर. रात्रौ ९॥ वाजता. संगीत एकच प्याला.’ तिकिटाचे दर ‘७५ व ४० नये पैसे’. साल अर्थातच नव्हते. आम्ही सवयीने हिशेब मांडला. नये पैसे १९५७ च्या एप्रिलात आले आणि १९६४ साली त्यांतले ‘नये’ गळाले. त्या काळात २० सप्टेंबरास शनिवार येतो तो १९५८ सालीच. हिशेब जमल्याच्या आनंदात आम्ही पात्रांची यादी वाचू लागलो. सुधाकर अमुक, तळीराम तमुक. आणि ‘सिंधू’ या नावापुढे आमच्या वडिलांचे नाव होते. आजोबांच्या नावासकट, आडनावासकट. तारेचे भोक आडनावाच्या अगदी शेजारून गेले होते.

आमचे वडील माध्यमिक शाळेत गणित शिकवीत. घरात त्यांनी कधी ओळीचे गुणगुणणेही केलेले आम्हांस आठवत नाही. १९८८ साली महाविद्यालयाच्या एकांकिकेत आम्हांस प्रमुख भूमिका मिळाली होती. त्यांनी ती सोडावयास लाविली. कारण सांगितले नाही, एवढेच म्हणाले, “आपल्या घरात हे नको.” आम्ही भूमिका सोडली, पण तो राग सोडला नाही. ते जाऊन नऊ वर्षे झाली तरी तो आमच्यापाशी होता. आणि आता हा पिवळा कागद आम्हांस सांगत होता की गडकऱ्यांच्या ज्या सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली, ती आमच्या घरातल्या या ‘नको’ म्हणणाऱ्या माणसानेही, वयाच्या विसाव्या वर्षी, लुगडे नेसून, सेलूच्या लोकांपुढे केली होती.

पत्रक आईपुढे ठेवले. तिने चष्मा लावला, वाचले, आणि चष्मा काढून ठेवला.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “आमच्या काकांनी लग्नाच्या बैठकीत हाच कागद आणून टाकला होता. मुलगा बाईचं सोंग घेतो, गावातली पोरं त्याला सिंधू म्हणून हाका मारतात, म्हणाले. ह्यांनी सगळ्यांदेखत शब्द दिला, पुन्हा तोंडाला रंग लावणार नाही. मग लग्न ठरलं.”

आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, “पण नऊवारी नेसायला मला त्यांनीच शिकवलं. मी माहेरी गोल नेसणारी. कासोटा काही केल्या जमेना. खोलीचं दार लावून चार दिवस शिकवत होते. तुझी आजी सगळ्यांना सांगायची, सूनबाई काय चापून-चोपून नेसते म्हणून!” आणि ऐंशी वर्षांची आमची माउली तोंडाला पदर लावून हसली.

आमचा राग त्या दिवशी गेला असे लिहिले तर ते खोटे होईल. तो आम्ही आजवर वडिलांवर धरीत होतो. आता कोणावर धरावा, हे उमजेना. बैठकीतले ते काका केव्हाच वारले. हाका मारणारी पोरे म्हातारी झाली. आणि वडिलांनी आम्हांस जे नाकारले ते तुच्छतेने नव्हे; त्याची किंमत त्यांनी एकदा मोजलेली होती, म्हणून नाकारले. ती किंमत १९८८ साली कोणी मागितली नसती, हे त्यांस कळले नाही. आणि ती कधी मोजली गेली होती, हे आम्हांस कळले नाही.

यंदाच्या गणेशोत्सवात गावातील वाचनालयाच्या दालनात चाळीस निवडक पत्रकांचे प्रदर्शन मांडावयाचे ठरले. भाच्याचे जांभळे ग्रहगोलही त्यात होते. जुना कागद मांडणे ही जोखीम असते. लगद्याचा कागद आम्लाने आतूनच पिवळा पडत असतो, उजेडाने रंग उडतो, आणि चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन म्हणजे तर शत्रूच. म्हणून शहाणे लोक भिंतीवर नक्कल लावितात आणि मूळ प्रत अंधारात ठेवितात. आम्हीही तसेच करणार होतो. मुख्य प्रश्न निराळाच होता: ते पिवळे पत्रक लावावयाचे की नाही? एका माणसाने साठ वर्षे झाकलेली गोष्ट त्याच्या मुलाने भिंतीवर टांगावी काय? आईस विचारले. ती म्हणाली, “लाव. पण नक्कल नको. खरं असेल ते लाव.”

तडजोड म्हणून मूळ पत्रक एकच संध्याकाळ लावण्याचे ठरले. जो कागद एका रात्रीसाठी छापला होता, त्यास एक रात्र पुष्कळ झाली. आई रिक्षातून आली आणि त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. लोक येत होते, ग्रहगोलांपुढे थबकून ‘ठिकाण कोठे आहे?’ असे विचारीत होते, जुनी नावे वाचून एकमेकांस खुणावीत होते. एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले, पिवळ्या पत्रकाशी वाकले आणि म्हणाले, “चाळीस पैशांत खाली बसून पाहिलं होतं हे.”

आईने मान वर केली. “गात कसे होते हो?” तिने विचारले. साठ वर्षांच्या संसारात तिला ते ऐकावयास मिळाले नव्हते.

गृहस्थ बराच वेळ आठवीत राहिले. “आवाज बेताचाच होता,” ते म्हणाले. “पण मागे बायका बसल्या होत्या ना, त्यांचं रडं थांबेना.”

आईने एवढे ऐकले आणि घरी जाण्यासाठी रिक्षा बोलाविण्यास सांगितले. दालन बंद करताना आम्ही पत्रक उतरविले, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून पेटीत घातले, आणि त्या जागी नक्कल लाविली. नकलेतही तारेचे ते भोक उमटले होते.