पलीकडचा

गोष्टीतल्या नायकावर माझे प्रेम जरा बेताचेच आहे. तो जिंकणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. मग त्याची काळजी आपण कशाला करा? ती करायला लेखक समर्थ आहे. मला ओढ लागते ती समोरच्याची. महाभारतात राजपुत्रांच्या शस्त्रविद्येचे प्रदर्शन चाललेले असते, अर्जुनाचा जयजयकार होत असतो, आणि एवढ्यात कर्ण रंगभूमीवर येऊन म्हणतो, याने केले ते सारे मीही करून दाखवतो. त्या क्षणी मराठी वाचक त्याच्या बाजूला जाऊन बसला, तो अद्याप उठलेला नाही. १९६७ साली आलेले ‘मृत्युंजय’ घरोघरी वाचले गेले, ते काही अर्जुन कसा जिंकला हे कळावे म्हणून नव्हे.

माझी नातही याच पंथातली निघाली. चौदा वर्षांची आहे. मे महिन्यात पुण्याहून आमच्याकडे, जुन्नर तालुक्यात मीनाकाठी येते आणि भर दुपारी पडवीत बसून जपानी चित्रमालिका पाहते. त्यांना अ‍ॅनिमे म्हणतात, हेही तिनेच मला शिकवले. त्यांतली ‘हायक्यू’ ही व्हॉलीबॉलची. एका दुपारी पाहतो तो बाईसाहेबांच्या डोळ्यांना धार.

“काय गं, तुमचा संघ हरला वाटतं?”

“जिंकला.”

“मग?”

“ओइकावा हरला ना, आजोबा!”

हा ओइकावा म्हणजे विरुद्ध संघाचा कप्तान. देखणा, तोंडाने फटकळ, मनाने थोडा कोता. आपल्यामागून आलेल्या एका पोराच्या हातात उपजत जादू आहे आणि आपल्या हातात फक्त कष्ट आहेत, हे त्याला शाळेतच कळून चुकलेले. त्या पोराने ‘मला सर्व्हिस शिकव’ म्हणून विचारले, तर याचा हात त्याच्यावर उठतो. मित्र मध्ये पडतो म्हणून बरे. असल्या माणसासाठी रडायचे काय कारण, असे मी विचारले. ती म्हणाली, “त्याला भीती वाटते आणि तरी तो खेळतो. हीरोची भीती काय, दोन भागांत जाते.”

हे ऐकून मला आमच्या तात्यांचा पलीकडचा आठवला.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. त्यांना बैलगाड्याचा नाद. आमच्या जुन्नर-आंबेगावात शर्यतीची तऱ्हा निराळी आहे. इतर ठिकाणी गाड्या शेजारी-शेजारी धावतात, कोण पुढे कोण मागे ते पोरालाही दिसते. आमच्या घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. चढाचा रस्ता, चार बैल, पुढे वाट दाखवायला घोडी, गाड्यावर माणूस नाही. खालून गाडा सुटला की वर घड्याळ. ज्याचे सेकंद कमी तो घाटाचा राजा. म्हणजे ज्याला हरवायचे तो शेजारी नसतोच. तो आधी पळून गेलेला असतो किंवा अजून पळायचा असतो. तुमच्यासमोर असतो तो त्याचा आकडा.

तात्यांचा आकडा डोंगरापलीकडे, घोड नदीच्या खोऱ्यात, आंबेगाव तालुक्यात राहत होता. त्याचे नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. तात्या घाटावरून आले की काकू पाण्याचा तांब्या देता देता विचारीत, “पलीकडच्यानं किती काढलं?” पहिला प्रश्न तो. आपला गाडा कसा पळाला हे नंतर. त्याच्या कोणत्या बैलाला सुटताना अर्धा पळ उशीर होतो, कोणता उन्हात बिचकतो, उडदाचा खुराक तो केव्हा वाढवतो, हे सारे तात्यांना पाठ होते. स्वतःच्या मुलाची इयत्ता मात्र ते दरवेळी काकूंना विचारीत. थापलिंगच्या पौषी यात्रेपासून चैत्र-वैशाखाच्या जत्रांपर्यंत असा एक घाट नसेल, जिथे पलीकडच्याची बारी आली म्हणजे तात्या हाताची घडी घालून, जबडा आवळून उभे नसत. आणि तात्यांची बारी आली की तोही तसाच. दोघांत शब्द नाही. रामराम नाही.

एका वर्षी मोठ्या जत्रेच्या आदल्या दिवशी आमच्या पुढच्या जोडीतला एक बैल लंगडू लागला. दुसऱ्या दिवशी उजाडता अंगणात एक गडी उभा, हाती एक पांढराशुभ्र खोंड. डोंगर चढून, उतरून, रातोरात चालत आला होता. निरोप एका वाक्याचा: “तुमचा गाडा पळाला नाही, तर मी जिंकलो असं कोण म्हणंल?”

घरात जे रण माजले ते मला स्वच्छ आठवते. काकूंचे म्हणणे, खोंड घ्यावा, देवाने पाठवला आहे. आजीचे म्हणणे, यात काहीतरी करणी आहे. तात्या तासभर काही बोलले नाहीत. त्यांनी त्या खोंडाच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला आपल्या हाताने पेंड चारली, गड्याला भाकरी खाऊ घातली आणि दोघांना परत पाठवले. त्या साली ते पळाले नाहीत. पलीकडचा जिंकला, आणि म्हणतात की त्याने गुलाल लावून घेतला नाही.

हा मानभावीपणा होता, अपमान होता की उपकार, याचा आमच्या घरात चाळीस वर्षे निकाल लागला नव्हता. नातीने ऐकले आणि क्षणात म्हणाली, “आजोबा, त्याला नुसतं बघायचं होतं, खरं कोण ते.” मग तिने मला एक जुनी जपानी गोष्ट सांगितली. ‘अशिता नो जो’, मुष्टियुद्धाची. चित्रकथा म्हणून ती १९६८ मध्ये सुरू झाली. त्यातला रिकिइशी हा नायकाहून अंगापिंडाने थोर, म्हणजे वरच्या वजनाचा. नियमाप्रमाणे दोघांची लढत होणेच शक्य नाही. तेव्हा हा पठ्ठ्या अन्नपाणी तोडून, हाडांचा सापळा होऊन खालच्या वजनात उतरतो. लढतो, जिंकतो आणि मरतो. वाचकांना ते इतके लागले की २४ मार्च १९७० रोजी तोक्योत, प्रकाशकाच्या इमारतीत, कवी-नाटककार शुजी तेरायामा यांच्या पुढाकाराने त्याची अंत्ययात्रा झाली. कागदावरच्या माणसाची! सुमारे सातशे लोक आले. आम्ही मराठी माणसांनी कर्णासाठी एवढे केले असते तर, असे वाटून मला थोडी लाजच वाटली.

गंमत अशी सांगतात की चित्रकार तेत्सुया चिबा यांनी रिकिइशीला सुरुवातीला सहज उंच काढला होता. हा पुढे नायकाच्या बरोबरीने उभा राहणार याची त्यांना कल्पना नव्हती. मग कथेला ती उंची निस्तरावी लागली. पलीकडच्यालाही कोणी नायक म्हणून काढले नव्हते. निदान आमच्या घरात तरी नाही.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. बैलांना टोचणारे, पिळणारे लोक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. न्यायालयाने काही हवेतून काढले नव्हते. पण घाट ओस पडले. तात्यांनी बैल विकले नाहीत, दावणीला ठेवले. चारा महाग, पोरे कुरकुरत. कोणी मंचरच्या बाजाराला गेले की तात्या हळूच विचारीत, “पलीकडच्यानं इकलं का?” नाही म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी येई. म्हणजे बंदीतही शर्यत चालूच होती. फक्त घड्याळ तेवढे नव्हते.

२०१८ च्या पावसाळ्यात पलीकडचा गेला. तात्या मला म्हणाले, “गाडी काढ.” चाळीस-पन्नास वर्षांत त्यांनी ते घर पाहिले नव्हते. ओटीवर त्याची म्हातारी बसली होती. तिने तात्यांकडे निरखून पाहिले आणि आत हाक दिली, “अगं, पाणी आण. डोंगरामागचा आलाय.”

तर त्या घरात तात्यांनाही नाव नव्हते! तात्या ओटीवर बसले. मग उठून गोठ्यात गेले आणि तिथे बराच वेळ होते. परत निघताना गाडीत एवढेच म्हणाले, “उजव्या अंगाचा बैल पोटाला कमी खातोय. कुणाच्या ध्यानात नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी उडदाचे एक पोते तिकडे पाठवले. ते परत आले नाही.

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना वाट दिली, आणि १८ मे २०२३ च्या निकालाने ती पक्की झाली. घाट पुन्हा वाजू लागले. २०२२ च्या चैत्रात माझ्या चुलतभावाने गाडा पळवला. तात्या पंच्याऐंशीच्या घरात, खाटेवर. संध्याकाळी पोरे गुलालाने माखून, ओरडत आली: घाटाचा राजा! तात्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पलीकडच्यानं किती काढलं?”

पोरे एकमेकांकडे पाहू लागली. चुलतभाऊ खाटेशी बसला. “त्याचा नातू होता, तात्या. आपल्याहून दोन दशांश मागं.”

“सुटताना उशीर झाला असंल,” तात्या म्हणाले, आणि चहा मागितला.