तिथी पाहून समुद्राला

दादरच्या चौपाटीचे कौतुक परक्या माणसापुढे करायची सोय नाही. त्याने गोवा पाहिलेला असतो, निदान गुहागर तरी. तो कठड्याशी उभा राहतो, नाल्याच्या तोंडाकडे पाहतो, नाकाला रुमाल लावतो आणि विचारतो, "हीच का ती?" हीच. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असली, म्हणजे रविवारी पाय लांब करून बसता येईल एवढी जागा हवी असते. तिथल्या पाण्याच्या रंगाची चौकशी कोणी करीत नाही. चाळीतल्या कुत्र्याला तर ती फिकीर मुळीच नसते. त्याला वाळू उकरायला मिळाली की झाले.

गिरगावकरांचे निराळे. त्यांची चौपाटी ऐसपैस. १९२० साली लोकमान्यांना तिथेच अग्नी दिला गेला, त्यामुळे इतिहासातही तिचा नंबर वरचा. भेळ, कुल्फी, दिव्यांचा झगमगाट, सगळे तिथे. पण आमच्याकडून गिरगाव गाठायचे तर बस हवी, आणि बसमध्ये कुत्र्याला कोण घेणार? दादरला पायी जाता येते. एल्फिन्स्टनचा पूल ओलांडायचा, प्रभादेवी मागे टाकायची, की वाऱ्यालाच खारट वास येऊ लागतो. तो पूल २०२५च्या सप्टेंबरात पाडण्यासाठी बंद झाला. तेव्हापासून वळसा पडतो, आणि मोती अजून जुन्याच वळणावर साखळी ओढतो.

मोती आमचा नव्हे. तो जिन्याखालचा. त्याच्या एका कानाचे टोक कापलेले आहे. नसबंदी झाल्याची आणि लस टोचल्याची ती खूण. ज्या गल्लीतून उचलला त्याच गल्लीत कुत्रा परत आणून सोडायचा, हा नियम २००१ साली आला आणि २०२३च्या नव्या नियमांतही टिकला. त्यापूर्वी मुंबईत कुत्री सरळ मारीत. १८३२च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या माणसांनी भटकी कुत्री मारायला घेतली, तेव्हा कोटातल्या पारशांनी दुकाने बंद केली, ते रस्त्यावर उतरले, आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. आमच्या चाळीत तसा कोणाच्याच धर्मात नाही; तरी मोतीची पोळी रोज निरनिराळ्या खोलीतून येते, आणि ती कोणाकडून आली नाही यावरून भांडणे होतात.

या सगळ्यात आजी नाही. आजीला कुत्र्याची भीती आहे. भीती म्हणजे किंचाळण्याची नव्हे. ती फक्त पदर आवळून भिंतीच्या बाजूला होते. नऊ वर्षांची असताना तिला कुत्रे चावले आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. तेव्हा ती लस मेंढीच्या मेंदूपासून करीत. ती बनवणारी हाफकिन संस्था आमच्या परळचीच, पूर्वीच्या गव्हर्नरच्या बंगल्यातली. आता दंडात थोडक्यात काम होते. ती जुनी लस २००४-०५च्या सुमारास आपल्याकडे बंदच झाली. पण आजी अजून कोणा लहान मुलाला सांगताना पोटावर बेंबीभोवती बोट फिरवून चौदा जागा दाखवते. तिने कुत्र्यांना क्षमा करावी असे मला कधी वाटले नाही.

गंमत अशी की मोतीला समुद्रावर न्यायचा दिवस ठरवते तीच. तिचे वडील गिरणीत येण्यापूर्वी कोकणात होडीवर जात. त्यांच्याकडून तिने एक हिशेब उचलला आहे. तिथीला पाऊणने गुणायचे, येईल तो भरतीचा तास. अष्टमी असली तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता भरती. संध्याकाळी जाऊन उपयोग नाही, लाटा भिंतीला लागलेल्या. एकादशीला सव्वाआठ. पण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बारा-साडेबाराला, आणि तिथून सहा तासांनी सुकती. म्हणजे सूर्य मावळायच्या वेळेला वाळू सर्वांत रुंद! (ओहोटी हा शब्द तिच्या तोंडी नाही.) चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्याच्या मागून भरतीही सरकते, हे मी पुस्तकात वाचले; आजीने पाऊणकीच्या पाढ्यात बसवलेले. फोनवरच्या तक्त्याशी तिचा हिशेब ताडून पाहिला आहे. अर्ध्या तासाहून जास्त चुकल्याचे आठवत नाही.

तिला हा हिशेब हवा असतो तो अंतरासाठी. वाळू रुंद असली की आम्ही एका टोकाला आणि मोती दुसऱ्या टोकाला. आई डबा उघडते, बाबा वर्तमानपत्राचा चौकोन करून चेहऱ्यावर घेतात, आजी भिंतीला पाठ लावून बसते, आणि धाकटा भाऊ मोतीला पाण्याच्या काठाने पळवतो. मोतीसाठी गोड्या पाण्याची बाटली वेगळी. खारे पाणी प्याला की त्याचे पोट बिघडते. मे महिन्यात आधी हाताची मागची बाजू वाळूवर टेकून पाहायची. ती जिथे टिकत नाही तिथे पंजाही टिकत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र आम्ही जात नाही. सहा तारखेला चैत्यभूमीवर लाखो माणसे दूरदूरहून येतात. त्या दिवसांत ती वाळू त्यांची.

पण अलीकडे आजीचा हिशेब बरोबर येऊनही अंतर कमी पडू लागले आहे. वाळूच आखडली आहे. जुने रहिवासी सांगतात की इथे क्रिकेटचे सामने होत. कोणी २००९च्या सी-लिंकला दोष देतात, कोणी माहीमच्या खाडीकाठच्या भरावाला. किनाऱ्याला घातलेल्या भिंतींवर लाटा आपटून उलट जोराने वाळू ओढून नेतात, हेही खरेच. कारण काही असो, पावसाळ्यात अमावास्येलासुद्धा आजी आणि मोती यांच्यामध्ये चार हातांपेक्षा जास्त जागा उरत नाही. पहिल्यांदा ती म्हणाली, "त्या मेल्याला लांब घे." लांब कुठे घेणार? पुढे पाणी होते. ती उठून गेली नाही. तिने चपला तेवढ्या आपल्या आणि त्याच्या मध्ये मांडून ठेवल्या. मोतीने त्या हुंगल्या आणि पलीकडेच बसला. पुढच्या वेळेपासून चपला मांडायची पद्धत पडली.

गेल्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजचे राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक सकाळी चौपाटीवर गेले होते. पाट, निर्माल्य, मूर्तींचे हात, थर्मोकोल, सारे उचलायचे. आजीही आली होती. विसर्जनानंतरची वाळू पाहिल्यावाचून तिला गणपती गेल्यासारखे वाटत नाही. मोती भावाबरोबर होता. तो एकदम तीन पायांवर उभा राहिला. काचेचा तुकडा पंजात गेला होता आणि वाळूवर लाल ठिपके पडत होते. भावाने त्याला उचलले. आजीने काही न बोलता कमरेची पिशवी उघडली आणि टॅक्सीचे पैसे माझ्या हातात दिले. मग म्हणाली, "थांब, मी पण येते."

परळच्या जनावरांच्या रुग्णालयाला आमच्याकडे सगळे बैलघोडा म्हणतात. त्याचे खरे नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचे, म्हणजे पारशी कुटुंबाच्या दानातले. १८३२च्या दंगलीनंतर पन्नासेक वर्षांनी उभे राहिलेले. हाफकिन तिथून जवळच. आजी आयुष्यभर त्या फाटकावरून गेली होती, आत पहिल्यांदाच आली. बाकावर एका बाजूला पोपटाचा पिंजरा, दुसऱ्या बाजूला तोंड बांधलेला अल्सेशियन. ती मध्ये बसली, पदर आवळून. मोतीच्या पंजाला टाके पडत असताना तो एकदाच ओरडला, तेव्हा तिचा हात पोटाकडे गेला.

डॉक्टरांनी दहा दिवस वाळू, पाणी बंद सांगितले. आजीने बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली.

"आज पौर्णिमा. दहा दिवसांनी दशमी. दहा पाऊण साडेसात. संध्याकाळी भरतीच गो, काय उपयोग? घटस्थापनेला न्या त्याला. पाऊण वाजता भरती, सातला सुकती."

टॅक्सीवाला कुत्र्याला घ्यायला तयार नव्हता. आजीनेच त्याला समजावले. ती पुढे बसली, मोती मागे भावाच्या मांडीवर. लालबागपर्यंत तिने तीनदा मागे वळून पाहिले.